रस्त्याला कान लावणारी काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. काठीचं नाव काढल्याबरोबर तुमच्यातले दोघे-तिघे दोन पावलं मागे सरकले असतील, मला माहीत आहे. सरकू नका. मी आयुष्यात कुणाच्या पाठीत बसलेली नाही. गुरं हाकायला किंवा झाडावरची फळं पाडायलाही मला कुणी घडवलेलं नाही. माझं काम ऐकायचं. तुम्ही म्हणाल, काठीला कुठे कान असतो? मला एक आहे, आणि तो चांगला बशीएवढा आहे.

नीट सांगते. तुम्ही घरात नळ सोडता आणि पाणी येतं. ते पाणी रस्त्याखाली पुरलेल्या पाइपांमधून येतं. हे पाइप कधी गंजतात, कधी सांध्यात सैल होतात, आणि पाणी वाटेतच गळून जातं. वरून रस्ता मात्र कोरडा ठणठणीत. मग खणायचं कुठे? सगळा रस्ता तर उकरता येत नाही. अशा वेळी माझं लोखंडी टोक रस्त्यावर टेकवायचं, वरच्या बशीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. खाली पाणी गळत असेल तर तापल्या तव्यावर थेंब पडावेत तसा बारीक चर्र आवाज येतो. जिथे तो सगळ्यांत मोठा, तिथे खडूने फुली मारायची. मागून खणणारी माणसं येतात, बरोबर फुलीवर खणतात आणि पाइप दुरुस्त करतात.

माझा जन्म एका कातारीमामांच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे यंत्रावर लाकूड गरगर फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. खरं तर मी एका जिन्याच्या कठड्याचा खांब व्हायची होते. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर हात टेकला असता आणि तुम्ही बहुतेक माझ्यावरून घसरगुंडी केली असती. पण एक दिवस एक उंच, किडकिडीत माणूस दुकानात आला. त्याने भिंतीला लावलेल्या प्रत्येक लाकडावर बोटाने टकटक केलं, प्रत्येकाला कान लावला आणि मला उचललं. मग त्याने स्वतःच्या उजव्या कानाच्या मापाची बशी मागितली. पहिली बशी फार खोल झाली. दुसरी उथळ झाली. तिसऱ्या खेपेला कातारीमामा वैतागले. कानच इथे ठेवून जा म्हणजे माप घ्यायला सोपं, असं म्हणाले. पण तिसरी बशी अशी बसली की त्या माणसाने पैसे देण्याआधी दुकानाच्या फरशीला टोक लावून शेजारच्या घरात कोण भांडी घासतंय तेही सांगितलं.

तो माणूस पाणीखात्यात होता. गळती शोधणं हेच त्याचं काम. तीस वर्षं आम्ही दोघांनी या गावाचे रस्ते ऐकले. भल्या सकाळी, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, आम्ही निघायचो. रस्त्याखाली काय काय आवाज असतात म्हणून सांगू! कुठे पंप घरघरतो, कुठे कुणी धुणं आपटतं, कुठे उंदीर माती उकरत असतो. हे सगळे आवाज बाजूला सारून तेवढा चर्र आवाज धरायचा, हे येरागबाळ्याचं काम नाही. आठवड्यातून एकदा तो मला तेल लावायचा आणि टोक कोरड्या फडक्याने पुसायचा. पाऊस आला तर स्वतः भिजायचा, पण माझ्या बशीवर टोपी ठेवायचा. मी सुखात होते.

या कामात सगळे एकाच गोष्टीला भितात, ती म्हणजे कोरडा खड्डा. फुली मारली, माणसांनी कंबरभर खणलं आणि खाली सुकी माती निघाली, तर त्याला कोरडा खड्डा म्हणतात. तीस वर्षांत आमचे तीन झाले. ते तिन्ही कुठे झाले हे तो माणूस झोपेतही सांगेल. सापडलेल्या हजारो गळत्या विसरला, पण हे तीन नाही विसरला.

पुढे त्याचे कान मंदावले. आधी उजवा गेला, मग डावा. त्याची मुलगी तोवर त्याच खात्यात लागली होती. एका सकाळी त्याने मला तिच्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीशी खुर्ची टाकून बसला. दिलेली वस्तू परत मागायची नाही, असा त्याचा खाक्या. त्यामुळे त्यानंतर त्याने मला हातही लावला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलीचा कान लहान. बशी तिला सैल पडायची. दुसरी कुणी असती तर बशी बदलून घेतली असती. हिने बशी तशीच ठेवली आणि मान जराशी तिरकी धरायला शिकली. खणणाऱ्यांच्या मुकादमाला आधी तिचा भरवसा वाटत नव्हता. ती फुली मारायची आणि हा बाजूला उभा राहून मिशीतल्या मिशीत हसायचा. पण तिने पहिल्याच महिन्यात अकरा फुल्या मारल्या आणि अकराही ओल्या निघाल्या. मग मुकादमाने हसणं सोडलं आणि ताई सांगतील तिथे खणायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, असं आपल्या माणसांना बजावून टाकलं.

खात्याने नंतर एक मशीनही दिलं. त्याला हेडफोन होते आणि दिवे लागायचे. आता माझी सुट्टी, असं मला वाटलं. पण ताई शहाणी. मशीन गल्ली सांगतं आणि काठी जागा सांगते, असं तिचं म्हणणं. ती दोघांनाही घेऊन निघायची. मशीन पिशवीत आणि मी हातात, हे मी तेवढं ध्यानात ठेवलं होतं.

आता भिंगरीची गोष्ट. भिंगरी म्हणजे ताईची मुलगी, म्हणजेच त्या खिडकीतल्या आजोबांची नात. वय वर्षं सहा. दिवसभर घरात गरगर फिरते म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. आई पाण्याचं काहीतरी काम करते, एवढंच तिला ठाऊक होतं. आई घरातून निघायची तेव्हा ती झोपलेली असायची, आणि ती शाळेतून परत येईपर्यंत मी दाराच्या कोपऱ्यात गेलेली असायचे.

एका सकाळी आमचं काम लांबलं. ताई एका चौकाजवळ मला टेकवून, मान तिरकी करून, डोळे मिटून उभी होती. तेवढ्यात शाळेची बस आली आणि वळणावर थांबली. खिडकीतून एका पोराचा आवाज आला. त्याचा पुढचा दात पडलेला होता, त्यामुळे शब्दांतून वारा जायचा. ती बघा वेडी बाई, रस्त्याशी बोलतेय, असं तो म्हणाला. सगळी बस खदखदून हसली. त्या हसण्यात एक हसू मी ओळखलं, कारण ते रोज आमच्या घरात ऐकू येतं. भिंगरी हसत होती. आपली आई तिने ओळखली होती, आणि तरी ती हसत होती. ताईचं सगळं ध्यान जमिनीखालच्या पाण्याकडे होतं. तिला कळलंच नाही. बस निघून गेली. हे फक्त दोघींना माहीत होतं, भिंगरीला आणि मला.

पुढच्याच सोमवारी भिंगरीच्या बाईंची चिठ्ठी आली. वर्गातल्या मुलांचे आईबाबा काय काम करतात, ते मुलांना दाखवायचं होतं. रोज एकाने यायचं आणि आपलं हत्यार बरोबर आणायचं. एका मुलीचे शिंपी असलेले बाबा आले आणि सगळ्यांच्या डोक्यांची मापं घेऊन गेले. बेकरीतल्या एका आईने कणकेचा गोळा कसा फुगतो ते दाखवलं. शुक्रवार ताईचा होता. ताईने चिठ्ठी दोनदा वाचली, मला उचललं आणि मुद्दाम तेल लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तिला सुट्टी होती. सकाळी ती बाजारात गेली तेव्हा शाळेला निघालेल्या भिंगरीने मला कोपऱ्यातून ओढत नेलं आणि कपाटामागच्या फटीत सरकवलं.

तिचा हिशेब सरळ होता, मित्रांनो. आई मशीन घेऊन आली तर कुणाला काही कळणार नाही. आई काठी घेऊन आली तर दात पडलेला मुलगा लगेच ओळखेल. सहा वर्षांच्या डोक्यासाठी हा काही वाईट हिशेब नव्हता. पण मी मात्र तोंड भिंतीकडे करून जाळ्यात उभी होते. एका कोळ्याने माझ्या बशीत बिऱ्हाड थाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी अडगळीत टाकलं होतं, आणि तेही घरच्याच पोरीने.

ताईने मला सगळीकडे शोधलं. बुधवारी मुकादमाच्या गाडीत पाहिलं, सोमवारच्या गल्लीत जाऊन पाहिलं. भिंगरीला विचारलं तर तिने नाही म्हणून मान हलवली. गुरुवारी ताई नुसतं मशीन घेऊन कामावर गेली.

माझं टोक फरशीला टेकलेलं होतं, म्हणून घरातलं सगळं मला ऐकू येत होतं. गुरुवारी संध्याकाळी ताई आली ती पाय ओढत. आजोबांना ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे तिचं दुःखही तिला ओरडूनच सांगावं लागलं. कोरडा खड्डा झाला होता. तिचा पहिला. लाँड्रीची एक मोटर चालू होती, तिची घरघर मशीनने गळती म्हणून पकडली. हातात मी असते तर टोक टेकवताच फरक कळला असता. माणसांनी उन्हात कंबरभर खणलं आणि खाली सुकी माती निघाली. गल्लीतल्या घरांना दिवसभर पाणी नाही. मुकादम काही बोलला नाही, त्याने मुकाट्याने खड्डा बुजवला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं ताई म्हणाली.

मग ती म्हणाली की उद्या ती शाळेत जाणार नाही. ज्या बाईला आज कुठे खणायचं ते कळलं नाही, तिने पोरांना काय शिकवायचं? बाईंना निरोप धाडते, असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली भांडी घासत बसली.

भिंगरीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला हवं तेच झालं होतं. पण ती कपाटाशी आली. मग तिने मला बाहेर ओढलं, फ्रॉकने माझी धूळ पुसली, कोळ्याला हुसकून लावलं आणि मला घेऊन आजोबांच्या खुर्चीपाशी गेली. आजोबांना तिने का निवडलं, ते मला कळलं. त्यांना ऐकू येत नाही. त्यांना सांगितलं म्हणजे सांगितल्यासारखंही होतं आणि कुणाला कळतही नाही.

ती पुटपुटायला लागली. आजोबा म्हणाले, मोठ्याने बोल. मोठ्याने बोलली असती तर स्वयंपाकघरात ऐकू गेलं असतं. ती रडायला लागली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी मला हात लावला नव्हता. आता त्यांनी मला उचललं, बशीची कड कानामागच्या हाडावर दाबून धरली आणि टोक तिच्या हनुवटीला लावलं. कान गेला तरी हाडातून आवाज पोचतो. मी लाकूड आहे, मला हे ठाऊक होतं. त्यांना मात्र आजवर कधी सुचलं नव्हतं.

"आता हळू बोल," ते म्हणाले.

भिंगरी हळू बोलली. बस, दात पडलेला मुलगा, हसणं, चिठ्ठी, कपाट, सगळं. तिचा शब्द न् शब्द माझ्या अंगातून गेला. हजारो पाइप ऐकले, पण इतका जड आवाज मी कधी वाहिला नव्हता. आजोबा डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी रस्त्यात ऐकायचे तसेच. तिचं संपलं तेव्हा ते म्हणाले की हे त्यांचं नाही, आईचं आहे, आणि ते आईलाच द्यायला हवं.

द्यायला जावं लागलंच नाही. भांडी थांबली होती. ताई हात पुसत दारात उभी होती आणि आजोबांच्या हातातल्या काठीकडे बघत होती. भिंगरीने तिला पहिल्यापासून पुन्हा सगळं सांगितलं, हुंदके देत. मला वाटलं, आता हिला चांगलाच मार बसणार, आणि तो माझ्याच अंगाने बसणार. माझी आयुष्यभराची अब्रू जाणार. पण ताई जमिनीवर बसली. तिने एक हात भिंगरीच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने मला धरून माझ्या टोकावर हनुवटी टेकवली.

"मी तुझ्याएवढी होते ना," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तेव्हा बाबा रस्त्यात असे उभे दिसले की मी मागच्या गल्लीने शाळेत जायचे. कुणी बघेल म्हणून. आज पहिल्यांदा सांगतेय."

माझी बशी अजून आजोबांच्या कानामागे होती, हे ती विसरली होती.

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले. "ती गल्ली लांबची होती. रोज पाच मिनिटं उशीर व्हायचा तुला."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. मग ती रडता रडता हसायला लागली. भिंगरीला काही उमगलं नाही, पण आपल्याला मार बसत नाही एवढं तिला उमगलं. निरोप धाडायचं राहून गेलं.

शुक्रवारी आम्ही शाळेत गेलो. ताईने मुलांना अंगणातल्या नळांच्या रांगेकडे नेलं. बाईंनी रांगेच्या पार टोकाचा नळ दोऱ्याएवढा सोडला, आणि प्रत्येकाने भिंतीलगतच्या पाइपाला टोक लावून ऐकायचं ठरलं. पहिल्या दहा जणांना काहीच ऐकू आलं नाही, कारण बाकीचे सगळे कलकलाट करत होते. ताई म्हणाली की काठी स्वतः काही बोलत नाही म्हणून तिला ऐकू येतं, तेव्हा तुम्हीही गप्प राहून बघा. मुलं गप्प झाली. मग एकाचे डोळे मोठे झाले, मग दुसरीचे. दात पडलेल्या मुलाची पाळी आली. त्याने कान लावला, आवाज ऐकला, मान वर केली, आणि ताईकडे नीट पाहिलं.

"ह्याच त्या रस्त्यातल्या बाई!" तो ओरडला.

सगळ्या मुलांनी भिंगरीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. ती म्हणाली, "ती माझी आई आहे. त्या दिवशीपण माझीच आई होती. मी ओळखलं होतं, तरी हसले."

मुलगा गोंधळला. मग का हसलीस, असं तो विचारायला लागला. भिंगरीने लाज वाटली म्हणून सांगितलं. आता वाटते का, असंही त्याने विचारलं. तिने जरा विचार केला आणि हसल्याची वाटते, असं उत्तर दिलं. मुलाने ते ऐकून घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि आणखी एकदा ऐकू का म्हणून ताईला विचारलं. त्या दिवशी त्याने चार पाळ्या लाटल्या. तुमच्यातही असा एक असतोच.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या अंगाला मधोमध एक बारीक चीर गेली आहे आणि बशीची कड झिजली आहे. एक दिवस मी कोपऱ्यात राहीन आणि नवं मशीन एकटंच कामाला जाईल. त्याचं मला वाईट वाटणार नाही. कोपऱ्यात आजोबांची खुर्ची आहे. हल्ली संध्याकाळी भिंगरी माझं टोक हनुवटीला लावून त्यांना शाळेतलं सगळं सांगते, न विचारता, जेवण होईपर्यंत.

तुमच्याही घरात असं एखादं हत्यार असेल. कात्री असेल, पाना असेल, झाडू असेल, नाहीतर नुसती किल्ल्यांची जुडी असेल. ते हातात घेण्याआधी ज्याचं आहे त्याची परवानगी घ्या, मग त्याने काय करतात ते विचारा. आणि ऐकताना मध्ये बोलू नका. मला आठवड्यातून एकदा थोडं तेल पुरतं, हत्यार चालवणाऱ्या माणसांनाही फार लागत नाही.

शाळेतल्या त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच चौकात होतो. गळती अवघड होती. आवाज यायचा आणि गाड्यांच्या घरघरीत बुडायचा. ताई तीनदा टेकवून चौथ्यांदा टेकवत होती. तेवढ्यात शाळेची बस आली, ते मला टोकातून कळलं. मी अंग चोरलं. बस वळणावर थांबली. दात पडलेल्या मुलाचा आवाज आला, "काका, इंजिन बंद करा!" चालककाकांनी काय झालं म्हणून विचारलं. उत्तर भिंगरीने दिलं. "माझी आई ऐकतेय," ती म्हणाली.

इंजिन बंद झालं. मागची गाडी एकदा वाजली आणि मग तीही थांबली. बसमध्ये तीस मुलं होती आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. ताईचे डोळे मिटलेले होते. रस्ता एकाएकी एवढा शांत का झाला, हे तिला कळलं नाही. तिने मान थोडी आणखी तिरकी केली. खालून चर्र आवाज स्पष्ट आला.

तिने खाली वाकून फुली मारली.